तीनवरची टकटक

मालकांच्या मालकीचं म्हणावं असं जगात फार काही नव्हतं. घर भाड्याचं, शिलाई मशीन सासऱ्यांनी दिलेलं आणि चष्म्याची डावी काडी गल्लीतल्या दोस्त कंपाउंडरच्या जुन्या चष्म्याची. तरीही अख्खी गल्ली त्यांना मालक म्हणायची, कारण या शिंप्याकडे पंख्याच्या कंपनीचे दहा शेअर होते. मालक न म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको. ती म्हणायची, "ज्याचे मालक, तो पंखा तरी ऐकतो का तुमचं?"

आज दुपारी कंपनीची शेवटची सभा होती. एका परदेशी कंपनीनं पंख्याची सगळी कंपनी विकत घेतली होती, आणि मालकांसारख्या किरकोळ भागधारकांचे शेअर ठरलेल्या भावानं काढून घेणार होते. सभेत ठराव पास झाला की मालक हे मालक उरणार नव्हते. त्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. मालकांना सभेत एक प्रश्न विचारायचा होता. पंखा घरात आला त्या वर्षापासून तो प्रश्न त्यांच्या घशाशी अडकून होता, आणि आज विचारला नाही तर तो विचारायचा हक्कच संपणार होता.

"मामा, तुमचं नाव नोंदवलंय," भाचीनं सांगितलं. ती विम्याच्या ऑफिसात होती आणि आज मुद्दाम रजा काढून आली होती. "तुम्हाला बोलायला दोन मिनिटं आहेत. मोबाइलवरूनच बोलायचं."

"दोन मिनिटांत पँटची मापंसुद्धा होत नाहीत," मालक म्हणाले आणि सूट घालायला आत गेले.

हा सूट त्यांनी स्वतःच शिवला होता, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून. पुढून तो गडद निळा होता आणि मागून जरा कमी गडद निळा. सभेत आपण पुढच्या बाजूनं दिसतो, असा त्यामागचा विचार होता.

हे सगळं सुरू झालं ते एका पँटमुळे.

त्या काळी शेअर घेणं हे ओळखीचं काम होतं. गावात दलाल एकच. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचं ऑफिस, आणि तिथं जायचा जिना इतका अंधारा, की ज्याला पायऱ्या पाठ असतील त्यानंच शेअर घ्यावेत. नवी कंपनी बाजारात आली की शहरातून फॉर्म यायचे, दलाल ते डॉक्टरांना, वकिलांना आणि बँकेच्या साहेबांना द्यायचा आणि बाकीच्यांना "संपले" म्हणून सांगायचा. फॉर्म यायच्या आधीसुद्धा ते संपलेले असत.

मालक दलालाचे कपडे शिवायचे. बाजार चढला की दलालाची कंबर सुटायची आणि बाजार पडला की उतरायची, त्यामुळे बाजाराची खबर गावात सगळ्यांच्या आधी मालकांना लागायची, थेट मोजपट्टीवर. एका तेजीत दलाल घाईघाईनं आला, अंगावरची पँट काढून दिली, टॉवेल गुंडाळला आणि म्हणाला, "एवढी सैल कर पटकन. मला निघायचंय."

मालकांनी पँट हातात घेतली. "पंख्याच्या कंपनीचे फॉर्म आलेत म्हणे."

"संपले."

"बरं," मालक म्हणाले आणि पँटची घडी घालून ती कपाटात ठेवली. "मग पँटही संपली."

दलालानं टॉवेल सावरत बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर शाळा सुटली होती. मग त्यानं बॅगेतून एक फॉर्म काढला.

शेअर कमी आणि मागणारे जास्त, म्हणून कंपनीनं सोडत काढली. सोडतीत डॉक्टरांना काही मिळालं नाही, वकिलांना मिळालं नाही, बँकेच्या साहेबांनी बायको, मेहुणा आणि स्वतःच्या नावानं फॉर्म भरले होते, त्यांतल्या कुणालाच मिळालं नाही. शिंप्याला मिळाले दहा. गाव बघायला लोटलं. डॉक्टरांनी तर शेअरचा कागद खिडकीच्या उजेडात धरून एक्स-रेसारखा तपासला आणि "हं" एवढंच म्हणाले.

त्या कागदावर लिहिलं होतं, की या इसमाचा कंपनीत हिस्सा आहे. दुसऱ्या कुणी असला मजकूर वाचून कागद पेटीत टाकला असता. मालकांनी तो मनावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते तेलाची बुधली खिशात घालून हिंडू लागले. पोस्टात, दवाखान्यात, नाटकाच्या हॉलमध्ये जिथं जिथं कंपनीचा पंखा दिसेल तिथं ते स्टूल मागायचे. "आमचा पंखा आहे," ते सांगायचे, "जरा धूळ बसलीये." एकदा ते एका घरी सांत्वनाला गेले आणि पाचच मिनिटांत स्टुलावर चढले. त्या घरातली माणसं रडायची थांबून वर बघत बसली. नंतर सगळे म्हणाले, हवा मात्र छान आली.

स्वतः मालकांच्या घरात तेव्हा पंखा नव्हता. पंखा परवडत नव्हता, आणि दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला आणणं म्हणजे गद्दारी. उन्हाळ्यात बायको कापडाच्या ठाणातला पुठ्ठा हलवत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "कंपनी आमचीच आहे."

पुढं लाभांशाचा पहिला चेक आला. तो वटवायला बँकेत खातं हवं, खात्याला ओळख देणारा हवा, आणि गावात मालकांच्या ओळखीचा खातेदार म्हणजे सोडतीत हरलेले बँकेचे साहेब. त्यांनी सही केली, पण पेन इतक्या जोरात दाबलं की ती सही खालच्या दोन फॉर्मांवरही उमटली. अशा रीतीनं शिंपी बँकेत शिरला. त्याच्या मागोमाग कंपाउंडर शिरला, कारण आता ओळख द्यायला शिंपी होता. मग सायकलवाला, मग शाळेतल्या बाई. खात्यात कुणाच्याच फारसं काही नव्हतं, पण बँकेतल्या बाकावर बसून पासबुक भरून घ्यायला गल्लीला आवडू लागलं. तिथं पंखा होता.

अखेर काही वर्षांनी मालकांच्या घरात पंखा आला. कंपनीचाच, नवाकोरा. दुकानदाराकडे त्यांनी मालकांसाठीची सवलत मागितली, तेव्हा तो हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला आणि त्यानं एक स्क्रू-ड्रायव्हर फुकट दिला. पंखा टांगला, काळ्या गोल रेग्युलेटरवर एक ते पाच आकडे होते. एकवर पंखा फिरतोय की नाही याबद्दल घरात मतभेद व्हायचे. दोनवर घाम वाळत नसे. चारवर मालकांचे बेतायचे कागद उडून थेट गटारीकडे निघायचे, आणि पाचवर गिऱ्हाईकसुद्धा जरा मागे सरकायचं. म्हणजे कामाचा आकडा एकच, तीन. आणि नेमका तीनवर पंखा टकटक करायचा. टक, जरा थांबून टक. कुणीतरी दाराबाहेर उभं राहून आत यावं की नको असा विचार करत असल्यासारखी.

"बदलून आणा," बायको म्हणाली.

"आणि दुकानात चार लोकांसमोर काय सांगू? आमच्या कंपनीचा पंखा खराब निघाला?" मालक म्हणाले. "घरातली गोष्ट आहे. ती घरातच बोलायची."

"मग बोला की घरात. मी ऐकतेय."

"आपल्या घरात नव्हे. सभेत."

"मग तोवर मेकॅनिकला तरी बोलवा."

"आणि मग सभेत सांगू काय? टकटक होती, आता नाही? पुरावा मोडायचा नसतो."

तेव्हापासून तो पंखा पुरावा म्हणून टकटकत राहिला. बायको कानात कापूस घालून झोपायला शिकली. कापूस मालकच द्यायचे, कोटाच्या खांद्यात भरायचा.

सभा वर्षातून एकदा, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये भरायची. मालक आणि कंपाउंडर पहिल्या बसनं निघायचे. कंपाउंडरकडे शेअर नव्हता, तो कुणा न येणाऱ्या भागधारकाचा प्रॉक्सी, म्हणजे बदली माणूस, म्हणून यायचा. प्रॉक्सीला बोलायचा हक्क नसतो, खायचा असतो, हे त्यानं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. सभा संपली की प्रत्येकाला एक खोका मिळायचा, त्यात वेफर्सची पुडी, एक केळं आणि एक गुलाबी पेस्ट्री. कंपाउंडर सगळं तिथंच खायचा. मालक पेस्ट्री बायकोसाठी आणायचे. बसच्या गर्दीतून ती घरी येईपर्यंत तिची चकती झालेली असायची, आणि बायको ती खोक्याच्या झाकणावरून चमच्यानं खरवडून खायची. "सभा चांगली झालेली दिसते," ती म्हणायची.

सभा चांगलीच व्हायची, फक्त मालकांचा प्रश्न राहायचा. माइकसमोर रांग असे आणि रांगेत पहिला नंबर ठरलेला, एका लठ्ठ गृहस्थाचा. हा दरवर्षी अध्यक्षांवर स्वतः रचलेली कविता म्हणायचा. त्याला सगळे कविराज म्हणत. कवितेला कडवी असायची, आणि कडव्यांना कडवी फुटायची. मालकांचा नंबर येईतो मागची दारं उघडून खोक्यांचा वास आत यायचा आणि हॉल रिकामा व्हायचा. एका वर्षी ते माइकपर्यंत पोचले, "माननीय अध्यक्ष" म्हणाले आणि वीज गेली. पंख्याच्या कंपनीच्या हॉलमधले सगळे पंखे एकेक करून थांबले आणि अध्यक्षांनी मालकांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच काही केलं होतं.

एका वर्षी तर ते पूर्ण बोलले. टकटकीचं सविस्तर वर्णन केलं, तोंडानं आवाजही काढून दाखवला. अध्यक्षांनी गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." मालकांचे डोळे भरून आले. मग खोका उघडला तर पेस्ट्री पिवळी. शेजारच्या हॉलमध्ये एका टायर कंपनीची सभा होती आणि ते त्या हॉलमध्ये होते. पुढे टायर कंपनीकडून उत्तरही आलं, की चौकशी केली, आमच्या एकाही टायरबाबत अशी तक्रार नाही.

"आपण पुढच्या वर्षी टायरचा एक शेअर घेऊ," कंपाउंडर म्हणाला होता. "माणसं ऐकून घेणारी आहेत. आणि पिवळी जास्त गोड होती."

कंपाउंडर आता नव्हता. दलालाच्या माडीवर मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान झालं होतं. शेअरचा कागदही गेला. तो जमा करून शेअर कॉम्प्युटरवर घ्यायचे, असा नियम आला, आणि भाचीनं ते सगळं करून दिलं होतं.

"म्हणजे कागद द्यायचा," मालकांनी तेव्हा विचारलं होतं, "आणि बदल्यात काय मिळणार?"

"शेअर तुमच्या नावावर दिसतील, मामा."

"ते आत्ताही दिसतातच. कपाट उघडलं की."

भाची स्वतः शेअर घ्यायची आणि विकायची, मोबाइलवर, चहा गार व्हायच्या आत. ना ओळख, ना सोडत. मालकांना त्याचं कौतुक होतं. कुणालाही टॉवेलमध्ये उभं न करता शेअर मिळावा, हे चांगलंच. त्यांनी एकदा आवडीनं विचारलं, "आज घेतलेली कंपनी काय बनवते ग?"

"मामा, मी तिला अर्धा तासच ओळखत होते," भाची म्हणाली.

आता तिनं मोबाइल शिलाई मशीनवर उभा केला, मागे दोऱ्याच्या रिळाचा टेकू दिला. मालक सूट घालून समोर बसले. मामी त्यांच्या मागे आरशात बघून केस विंचरत होती.

"मी त्यात दिसणार नाही ना ग?" तिनं विचारलं.

"नाही, मामी."

"बरं झालं," असं म्हणून तिनं पुन्हा भांग पाडला.

भाचीनं पिशवीतून एक खोका काढला. त्यात वेफर्सची पुडी, एक केळं आणि एक गुलाबी पेस्ट्री. "घरची सभा आहे म्हणून काय झालं," ती म्हणाली. मामीनं पेस्ट्रीकडे जरा वेळ पाहिलं आणि अंगठ्यानं ती दाबून सपाट केली. "उभी असली की ओळखीची वाटत नाही," ती म्हणाली.

सभा सुरू झाली. अध्यक्ष म्हणजे जुन्या अध्यक्षांचा नातू, पस्तिशीचा मुलगा. त्यानं ठराव वाचला, कारणं सांगितली, सगळ्यांचे आभार मानले. सूत्रसंचालन करणारी बाई एकेका भागधारकाला बोलवू लागली. पहिले अर्थात कविराज. ते आता वाळून काडी झाले होते, पण कविता तेवढीच होती. दुसऱ्या मिनिटाला बाईंनी त्यांचा आवाज बंद केला. पडद्यावर कविराजांचा हात हवेत वरखाली होत राहिला.

"इतकी वर्षं हे बटण कुठं होतं?" मालक पुटपुटले.

आणि मग बाई म्हणाल्या, "पुढचे भागधारक..." आणि मालकांचं नाव घेतलं. पूर्ण नाव. गल्लीत ते नाव कुणाला माहीत नव्हतं, मालकांनाही ते आपलं आहे हे कळायला क्षणभर लागलं. ते उठून उभे राहिले. पडद्यावर फक्त कोटाची बटणं दिसू लागली.

"माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ आणि माझ्या सहमालकांनो," त्यांनी सुरुवात केली आणि बोलत सुटले.

"मामा," भाची कुजबुजली, "आवाज बंद आहे. बसा. बसा ना. आता बोला."

"...आणि म्हणून मी ही गोष्ट आजवर बाहेर बोललो नाही," मालक म्हणाले. जगाला ऐकू आलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. वेळ थोडाच उरला होता. वर्षानुवर्षं घोटलेलं भाषण त्यांनी सोडून दिलं, मागे वळले आणि म्हणाले, "अगं, तीनवर कर."

बायकोनं रेग्युलेटर फिरवला. पंखा कुरकुरला, फिरू लागला.

टक. टक.

"ऐकू येतंय?" मालकांनी विचारलं. "नवा आणला तेव्हापासून आहे. फक्त तीनवर. असं का होतं, एवढंच विचारायचं होतं."

एका संचालकानं कानातलं यंत्र नीट केलं. तंत्रज्ञान विभागाचे कुणी प्रमुख घसा साफ करून म्हणाले, "हे मॉडेल आता आपण बनवत नाही."

तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "अहो, आमचाही करतो."

"कोण बोललं? कृपया आपला नंबर येईपर्यंत..."

"आमचाही. थांबा, लावते."

टक. टक. मोबाइलमधून दुसरी टकटक आली. मग तिसरी. कुणी निवृत्त ड्रायव्हर म्हणाला की त्याच्याकडे दोन पंखे आहेत आणि दोन्ही करतात, पण एकाच वेळी नाही. चौकटींमागून चौकटींत म्हातारी माणसं उठून भिंतीकडे जाताना दिसू लागली. सूत्रसंचालिका एक आवाज बंद करायची तोवर दुसरा सुरू व्हायचा. शेवटी कविराजांचाही आवाज कसा कोण जाणे उघडला. "माझाही करतो," ते म्हणाले. "मी कधी बोललो नाही. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, म्हटलं. म्हणून कविता म्हणायचो."

टक. टकटक. टक. सभा एखाद्या घड्याळजीच्या दुकानासारखी वाजत होती. अध्यक्षानं हात वर केला, पण कुणाला थांबवायला नव्हे. तो वाकून ऐकत होता.

"आमच्या आजोबांच्या खोलीत हा आवाज यायचा," तो म्हणाला. "आम्ही विचारायचो, तर ते म्हणायचे, मी पायानं ठेका धरलाय." तो हसला. "त्यांना गाण्याची आवड मुळीच नव्हती."

"म्हणजे त्यांनाही माहीत होतं," मालक म्हणाले.

"माहीत असणार."

"आणि तेही कुठं बोलले नाहीत."

"नाही."

मालकांनी समाधानानं मान हलवली. त्यांना वाटलं होतं त्याहून कंपनी बरीच घरची होती.

"याचं उत्तर मला माहीत नाही, काका," अध्यक्ष म्हणाला. "कुणालाच माहीत नसावं. पण आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे."

मग मतदान झालं. मालकांनी दहाही शेअरांनिशी विरोधात मत दिलं. ठराव पास झाला. विरोधी मतांची टक्केवारी वाचून दाखवताना बाईंना शून्य, दशांश चिन्ह आणि नंतर पुन्हा बरीच शून्यं म्हणावी लागली, पण शेवटी एक आकडा आला. "तो मी," मालक म्हणाले. पडदा काळा झाला. मामीनं खोक्याचं झाकण उघडून चमचा हातात घेतला.

"सभा चांगली झाली," ती म्हणाली आणि अर्धी पेस्ट्री त्यांच्यापुढे सरकवली. ती आत्तापर्यंत त्यांनी कधी खाल्ली नव्हती. त्यांना ती जरा जास्तच गोड वाटली, पण ते काही बोलले नाहीत.

काही दिवसांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. "मामा, दुसरी कुठली कंपनी घ्यायची?" भाचीनं विचारलं. "दोन मिनिटांत पुन्हा मालक व्हाल."

"आधी त्यांची एखादी वस्तू घरात आणू," मालक म्हणाले. "बिघडते का बघू. बिघडलीच नाही, तर सभेत बोलणार काय?"

पुराव्याचं काम आता संपलं होतं, म्हणून बायकोनं त्याच आठवड्यात मेकॅनिक बोलावला. तो स्टुलावर चढला, आत एक चकती बसवली, खाली उतरला आणि चहासुद्धा न घेता गेला. दुपारी जेवणं झाल्यावर दोघं आडवी झाली. पंखा तीनवर होता. हवा येत होती, आवाज नव्हता. बायकोनं सवयीनं कानात कापूस घातला, मग काढला. या कुशीवर झाली, त्या कुशीवर झाली.

"झोप नाही का येत?" मालकांनी विचारलं.

"दाराबाहेर उभं होतं ते कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटतंय."

मालक उठले. मशीनच्या खणातून त्यांनी हातानं टाके घालताना बोटात घालायचं पितळी टोपण काढलं, बोटात बसवलं आणि पुन्हा येऊन आडवे झाले. पंख्याकडे बघत त्यांनी जरा अंदाज घेतला. मग खाटेच्या लोखंडी दांडीवर बोट आपटलं. टक. जरा थांबून, टक.

बायकोचे डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, ती झोपली असं समजून त्यांनी हात थांबवला, तेव्हा ती डोळे न उघडताच म्हणाली,

"थांबलात का, मालक?"